केशवनगरचं ते ‘डासांचं वादळ’ डासांचं नव्हतं

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्यात मुळा-मुठेच्या काठी, केशवनगर-खराडी भागात, किड्यांचे उंचच उंच खांब आकाशात उभे राहिले. ‘डासांचं वादळ’ म्हणून ते व्हिडिओ देशभर पसरले. दावे साधारण असे: हे डास आहेत, फोटो मोठा करून पाहिला की खात्री पटते, आता डेंगी पसरणार, धूरफवारणी करा.

आधी डासांचं. कीटकतज्ज्ञांनी तेव्हाच सांगितलं होतं की हे मिज, म्हणजे डासासारखे दिसणारे पण न चावणारे छोटे किडे आहेत. त्यांच्या कुळाला कायरोनॉमिड म्हणतात. संध्याकाळी त्यांचे नर थवा करून घिरट्या घालतात आणि माद्या त्यात शिरून जोडीदार गाठतात. डासांचे नरही थवे करतात, पण सहसा छोटे.

फोटोवरून ओळख पटते, हे खरं आहे. मात्र कुठे पाहायचं ते कळायला हवं. अनेक जण डोक्यावरच्या पिसासारख्या शृंगिका (मिशांसारखे अवयव) पाहून ‘डास’ म्हणतात. तशा शृंगिका दोघांच्याही नरांना असतात, त्यामुळे त्यावरून काहीच ठरत नाही. सोंड पाहा. डासाला लांब, पुढे आलेली सोंड असते, मग तो नर असो की मादी. कायरोनॉमिडला ती नसते. डासाच्या पंखांच्या शिरांवर आणि कडेला खवले असतात, कायरोनॉमिडचे पंख तसे खवलेदार नसतात. भिंतीवर बसलेला क्युलेक्स डास बहुधा मागचे पाय उचलून धरतो, कायरोनॉमिड पुढचे. म्हणून फोटो बाजूने, डोकं स्पष्ट येईल असा काढावा. वरून काढलेल्या धूसर ठिपक्यावरून कोणी छातीठोकपणे नाव सांगत असेल, तर विश्वास ठेवू नका. एवढं करूनही कुळापर्यंतच पोहोचता येतं. नेमकी प्रजाती ठरवायला बहुतेकदा नराचं जननांग सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं लागतं. मोबाइल ॲपने प्रजातीचं नाव दिलं, तर तो अंदाजच समजावा.

पायांवर पांढरे पट्टे, म्हणजे डेंगीचा एडिस डास? क्रिकोटोपस या कायरोनॉमिडच्या पायांवरही पट्टे असतात. काही क्युलेक्स डासांच्याही असतात.

डेंगी पसरवणारा एडिस इजिप्ती घरातल्या-अंगणातल्या साठवलेल्या पाण्यात वाढतो: पिंप, कुंडीखालची ताटली, टायर. नदीच्या गाळात नाही. नदीकडे बोट दाखवून घरचं पिंप आठवडाभर न घासणं हेच खरं धोक्याचं आहे. दम्याच्या रुग्णांनी मात्र या थव्यांपासून लांब राहावं, कारण कायरोनॉमिडच्या कणांची ॲलर्जी होऊ शकते.

धूरफवारणीने हवेतले किडे मरतील, पण ते तसेही थोडेच दिवस जगतात. त्यांच्या अळ्या नदीच्या गाळात सुखरूप राहतात. त्यांतल्या अनेक लालभडक असतात, कारण त्यांच्या शरीरात हिमोग्लोबिन असतं. त्याच्या जोरावर त्या सांडपाण्यामुळे प्राणवायू जवळपास संपलेल्या पाण्यातही तगतात. सांडपाणी जसंच्या तसं नदीत येत राहिलं, तर पुढच्या हंगामातही हे थवे उठतील. तक्रार करायची असेल तर ती सांडपाण्याची करा.