पाठीवरचा स्टुडिओ

घरोघरी जाऊन पोर्ट्रेट काढायचे तर लागतंय काय, एक फ्लॅश, त्याचा उजेड मऊ करायला एक छत्री, एक पडदा, असं मी बायकोला म्हणलो आणि ती काहीच बोलली नाही, तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. दोन महिन्यांत दोन स्टँड, पडद्याचा आडवा पाइप, ४३ इंची पांढरी छत्री, कॅमेऱ्यावरून फ्लॅश उडवायचा ट्रिगर, क्लॅम्प, एक्स्टेंशन बोर्ड आणि पसाभर पेन्सिल सेल जमले. स्टँड पडू नये म्हणून पायाशी वाळूची पिशवी ठेवतात. वाळू कुठून आणायची, म्हणून मी कापडी पिशवीत पाच किलो कोलम भरला. स्वतःवरच खूश!

पहिलं काम मित्राच्या आजोबांचं, सहस्रचंद्रदर्शनाचा फोटो. शनिवार पेठ, तिसरा मजला, लिफ्ट नाही.

हॉल दहा बाय बारा, त्यातला निम्मा दिवाणाचा. ८५ मिमीची, लांबचं जवळ आणणारी लेन्स लावली तर आजी-आजोबा दोघं फ्रेममध्ये मावेनात, मी मागे सरकत सरकत स्वयंपाकघरात, पाठ फ्रिजला. भिंती पोपटी, उजेड त्यांच्यावर आपटून परत येतो, त्यामुळे आजोबा अर्ध्या बाजूने हिरवे. चष्म्याच्या दोन काचांत दोन छत्र्या. त्या घालवायला स्टँड उंच करावा तर वर पंखा, पंखा बंद करावा तर आजोबांना घाम, आणि फ्लॅश लांब न्यावा तर अंतर दुप्पट की उजेड पावपट.

शेवटी कसंबसं जमलं. "आजी, इकडे बघा" म्हणतोय तर आजी खाली बघतायत.

"काय रे आहे त्या पिशवीत?"

"तांदूळ, आजी. वजनाला."

"अरे, अन्नाला पाय लागतोय की!"

आणि उठून त्यांनी पिशवी थेट ओट्यावर नेऊन ठेवली. इकडे स्टँड डुलला आणि छत्री आजोबांच्या मांडीवर, ते बिचारे तिचा दांडा धरून "आता हसू का?" विचारतायत.

मग आजींनीच लोखंडी खलबत्ता आणून दिला, तो पिशवीत घालून स्टँडला लटकवला. हलला नाही हो, तासभर.

घरी येऊन फोटो बघत होतो, आजोबांच्या कपाळावर अजून जरा हिरवट झाक, तेवढ्यात आजींचा फोन.

"फोटो सावकाश दे रे, पण खलबत्ता उद्या सकाळी आण. चहात आलं कुटायचं असतं."

"आणि माझे तांदूळ?"

"ते संपले. पाहुणे होते ना आज."