मिलिंदरावांचा युरोप

युरोपात गाडी चालवण्यात काही प्रॉब्लेम नाही हो, रस्ते चांगले, पाट्या मोठ्या, लोक लेन पाळतात. प्रॉब्लेम आहे तो ती गाडी कुठे कुठे न्यायची हे आठ माणसांनी मिळून ठरवण्यात, आणि त्या आठात एक साडू असला तर मग बघायलाच नको.

तर आमचे साडू मिलिंदराव. यांची लेक सई जर्मनीत आखेनला एमएस करतेय, तिला भेटायचं म्हणून विषय निघाला. नुसतं भेटून यायचं असतं तर आत्तापर्यंत जाऊन परत पण आलो असतो. पण मेव्हणीने "आलोच आहोत तर" हे तीन शब्द उच्चारले आणि तिथून सगळं बिघडलं. मग मी, बायको, मेव्हणा, त्याची बायको, आणि "मी काय बाई तुमच्यात, तुम्ही तरुण मंडळी" असं म्हणत सगळ्यात आधी पासपोर्ट रिन्यू करून बसलेल्या माईमावशी, सगळे धरून सातजण. तिथे सई मिळाली की आठ.

मिलिंदरावांचं एक आहे, त्यांना देश बघायचे नसतात, मोजायचे असतात. आखेनच्या बाहेरच एक टेकडी आहे जिथे जर्मनी, नेदरलँड्स आणि बेल्जियम तिन्हीच्या हद्दी एकत्र येतात, हे सईने त्यांना सांगायलाच नको होतं. एका पायावर वळलं की तीन देश! व्हिसाचा एक अर्ज भरायच्या आधीच यांचा स्कोअर तीन. ती टेकडी म्हणे नेदरलँड्सच्या युरोपातल्या भागातलं सर्वात उंच ठिकाण, उंची ३२२ मीटर. यावर मावशी म्हणाल्या, अगो, पुणं ५६० मीटरवर आहे, मी गेली चाळीस वर्षं सदाशिव पेठेत बसून त्यांच्या डोक्यावरच आहे की.

मग मिलिंदरावांनी ग्रुपवर पहिला मॅप टाकला. आखेन, लक्झेंबर्ग, फ्रान्समध्ये कोलमार, तिथून स्वित्झर्लंड, लिश्टनश्टाईन, ऑस्ट्रिया, ब्रेनर खिंडीतून खाली इटली, व्हेनिस, मग स्लोव्हेनिया आणि वरून परत. प्रत्येक देशात एक रात्र. लिश्टनश्टाईनला रात्र पण नाही, नुसतं जेवण. बायको म्हणाली ही ट्रिप आहे का पोस्टमनची बीट. पण हळू आवाजात म्हणाली, कारण बहिणीचा नवरा.

या देशांच्या सीमांवरची तपासणी बंद व्हायला सुरुवात कशी झाली माहितीये ना? १४ जून १९८५ ला लक्झेंबर्गमधल्या शेंगेन गावाशी मोझेल नदीत एका बोटीवर पाच देशांनी सह्या केल्या. फ्रान्स आणि जर्मनी त्यात होते, ज्यांनी एकमेकांशी काय काय केलंय ते शाळेत शिकलोय आपण. त्यांचं जमलं. आणि इथे तीन घरांचं सकाळी पाचला निघायचं का दहाला यावर अजून एकमत नाही. मेव्हण्याचं म्हणणं सुट्टी आहे तर दहाला, मिलिंदरावांचं म्हणणं पाचला, म्हणजे "ट्रॅफिक लागत नाही". कुठल्या ट्रॅफिकबद्दल बोलताय विचारलं तर म्हणे वाकडचा अनुभव आहे मला.

गाडीचं ऐका. आठ माणसं म्हणजे नऊ सीटर व्हॅन, ती साध्या कारच्या लायसन्सवर चालते तिकडे, ड्रायव्हर धरून नऊपर्यंत. पण आठ माणसं बसली की मागे बॅगांना जागा किती उरते याचा फोटो सईने पाठवला आणि ग्रुपवर पहिल्यांदाच शांतता पसरली. मग "प्रत्येकी एकच केबिन बॅग" असा ठराव झाला जो मावशींच्या तांदूळ, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि छोट्या कुकरने त्याच संध्याकाळी मोडीत निघाला. त्यात सईने सांगितलं की बाहेरून युरोपात मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. मांसाचं कोणाला काही वाटलं नाही. पण तूप पण नाही म्हटल्यावर मावशींनी फोन माझ्याकडे द्यायला सांगितला, जसा काय तो नियम मी काढलाय.

चालवणार कोण? मिलिंदराव. यात चर्चाच नाही. आरटीओतून एक वर्षाचं इंटरनॅशनल परमिट काढून ते लॅमिनेट करायला निघाले होते, मेव्हणीने अडवलं. तिकडे स्टिअरिंग डावीकडे म्हणून सध्या ते सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतःच्या गाडीत डाव्या सीटवर बसून उजव्या हाताने हवेत गिअर टाकतात. वॉचमन आता बघत पण नाही. जर्मनीत ऑटोबानवर काही पट्ट्यांत स्पीडला मर्यादाच नाही हे कळल्यापासून माणूस वेगळ्याच धुंदीत आहे. एक्सप्रेस वेवर कॅमेरा दिसला की नव्वदवर येणारे हे, तिकडे आठ माणसं आणि कुकर घेऊन एकशेऐंशीची स्वप्नं बघतायत.

आणि त्यांचं खरं स्वप्न म्हणजे स्टेल्व्हिओ. इटलीतला घाट, २७५७ मीटर उंच, एका बाजूने ४८ हेअरपिन वळणं. "वरंधा काढलाय मी पावसात, मला काय सांगता." पण आपल्या सुट्ट्या मे मध्ये, आणि हा घाट बर्फाने बंद असतो तो साधारण मे संपता संपता, नाहीतर जूनमध्येच उघडतो. बंद? मिलिंदराव खरंच हबकले. मग म्हणाले, जेसीबी नाहीत का त्यांच्याकडे?

पण सगळ्यात जास्त वेळ कशात गेला असेल तर टोलमध्ये. आपला टोल कसा, आला की भरला, शिव्या घातल्या, पुढे. तिथे प्रत्येक देशाची तऱ्हा वेगळी. जर्मनीत कारला टोलच नाही. म्हणजे त्यांनी लावायचा घाट घातला होता, पण ऑस्ट्रिया थेट कोर्टात गेला आणि २०१९ मध्ये युरोपियन कोर्टाने तो हाणून पाडला. आणि हा ऑस्ट्रिया स्वतः मात्र घेतो बरं का! दहा दिवसांचा विन्येट म्हणून पास घ्यायचा, वर ब्रेनरच्या हायवेचे पैसे वेगळे. इटलीत आपल्यासारखं गेटवर, किलोमीटरप्रमाणे. स्लोव्हेनियात आठवड्याचा पास. आणि स्वित्झर्लंडमध्ये फक्त वर्षाचाच मिळतो, चाळीस फ्रँक, तुम्ही वर्षभर राहा नाहीतर दुपारी फोंड्यू खाऊन निघा.

इथे मिलिंदरावांचा देशमोजणीचा हव्यास आणि त्यांचा मूळ स्वभाव यांची समोरासमोर टक्कर झाली. एका दिवसासाठी वर्षाचा पास? त्यांनी रात्रभर बसून हायवे टाळून जाणारा रस्ता शोधला, ज्यात चाळीस फ्रँक वाचत होते आणि अर्धा दिवस जात होता. मी म्हटलं, अहो मिलिंदराव, तो पास आदल्या वर्षीच्या डिसेंबरपासून पुढच्या वर्षीच्या जानेवारीपर्यंत चालतो, चौदा महिने, पूर्ण वसूल करायचा तर तिथेच राहावं लागेल. त्यावर मेव्हणा म्हणाला भावजी, आणि गाडी भाड्याची आहे, पास गाडीला असतो, तेव्हा मे नंतरचे आठ महिने दुसराच कोणीतरी तुमच्या पैशात फिरणार. हे त्यांना फारच लागलं. दोन दिवस ग्रुपवर गुड मॉर्निंग नाही.

पेट्रोल मात्र लक्झेंबर्गला भरायचं हे एकमताने पास झालं, आजूबाजूच्या देशांतले लोक खास तेवढ्यासाठी तिथे जातात म्हटल्यावर. स्वस्त आहे हे कळलं की आमच्यात वाद राहत नाहीत. आणि जर्मन हायवेवर टॉयलेटला माणशी एक युरो पडतो हे कळल्यावरही राहिला नाही. आठ माणसं, दिवसाला तीन हॉल्ट, मिलिंदरावांनी गुणाकार करून रुपयात आकडा टाकला आणि मावशींनी दुपारनंतरचा चहा बंद केल्याची घोषणा केली. सई सांगत होती की त्या पैशांचं कूपन मिळतं, दुकानात वापरता येतं. पण तिथे कॉफी घ्यायची म्हणजे पुन्हा पुढच्या हॉल्टला युरो.

इटलीचा विषय निघाला तेव्हा व्हेनिसमध्ये गाडी शिरतच नाही, बाहेर पार्क करायची, हे ऐकून मिलिंदराव म्हणाले मग रोड ट्रिप कसली. आणि बाकीच्या जुन्या शहरांत मध्यभागी परवानगीशिवाय गाडी घातली तर कॅमेरा फोटो काढतो आणि दंडाचं पत्र काही महिन्यांनी घरी येतं. मावशींना हे आवडलं. म्हणाल्या, घरपोच? आपल्याकडे तर मेसेज येतो नुसता.

आता हे सगळं ठरायच्या आधी व्हिसा. व्हिसासाठी प्लॅन लागतो, प्लॅन पक्का करायला बुकिंग लागतं, बुकिंग करायला व्हिसा मिळेल याची खात्री लागते, आणि ती खात्री द्यायला कोणी नसतं. नियम असा की जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा, सगळीकडे सारख्याच असल्या तर जिथून पहिल्यांदा आत शिरणार तिथे. पण प्रत्यक्षात काय होतं की ज्या देशाची अपॉइंटमेंट मिळते तो देश माणसाला अचानक फार आवडायला लागतो. आमचं एक आठवडा इटलीवर मनापासून प्रेम होतं. मग जर्मनीच्या तारखा उघडल्या आणि बायकोला ब्लॅक फॉरेस्ट लहानपणापासून बघायचं होतं असं निघालं.

तर त्या दिवशी आम्ही सगळे फायली घेऊन व्हिसा सेंटरला. फोटो, बँक स्टेटमेंट, तीस हजार युरोचा इन्शुरन्स, सगळं नीट लावलेलं. काउंटरवरच्या मुलीने तीन घरांच्या फायली शेजारी शेजारी ठेवल्या, पानं उलटली आणि विचारलं, तुम्ही एकत्रच जाताय ना?

"हो, एकाच गाडीत."

तिने तिन्ही कागद आमच्याकडे फिरवले. मिलिंदरावांच्या कागदावर दहा देश. मेव्हण्याच्या कागदावर चार. आमच्यावर सहा, त्यात व्हेनिस दोनदा. मावशी म्हणाल्या, एकत्रच जातोय गं बाळा, फक्त ठरत नाहीये. ती पण मराठीच निघाली, हसली, म्हणाली काकू, खाली झेरॉक्सवाला आहे, एकच प्लॅन करून आणा, पण दीडच्या आत, नंतर तो जेवायला जातो.

आणि सांगतो, जे घरी बसून कधीच ठरलं नसतं ते तिथे झेरॉक्सच्या दुकानात वीस मिनिटांत ठरलं. कारण झेरॉक्सवाला. त्या माणसाने आयुष्यात इतके प्लॅन टाइप केलेत की आमचे तिन्ही कागद त्याने एकदा बघितले आणि बोलायलाच लागला. लक्झेंबर्गला रात्र नको, पेट्रोल भरा नि सुटा. स्लोव्हेनिया काढा, लांब पडतं. ऑस्ट्रियात इन्सब्रुकला दोन रात्री टाका, आजी आहेत बरोबर. मिलिंदराव सुद्धा "हो, हो" करत होते, जे मी लग्नापासून पाहिलेलं नाही. रविवार बघून ठेवा म्हणाला, जर्मनीत दुकानं बंद, दूध-ब्रेड शनिवारीच घ्या, पण ट्रक नसतात रस्त्यावर, तेव्हा मोठा टप्पा रविवारी काढा. सहा देशांवर गाडी थांबली. प्रिंट बटणावर बोट ठेवलं आणि तो थांबला.

"गाडी परत कधी देताय? रविवारी? आखेन गावातलं ऑफिस ना? रविवारी बंद असेल. सोमवार करा."

"म्हणजे एक दिवस वाढला," असं म्हणून मिलिंदरावांनी खिशातून मॅप काढला. "दादा, लिश्टनश्टाईन बसतंय का बघा जरा. फक्त जेवणापुरतं."