पानदुऱ्याच्या सेलेस्टिनाबाई

दिनूला श्रीलंकेची धम्मयात्रा करून येऊन आठवडा झाला, तरी त्याच्या मोबाइलमधले फोटो संपत नव्हते. अनुराधपूरचा बोधिवृक्ष झाला, कँडीचं दंतमंदिर झालं, आणि रविवारी सकाळी तर्री-पोह्यांच्या प्लेटा हातात असताना त्यानं एका शाळेच्या फाटकाचा फोटो पुढे केला.

"कोलंबोतलं विशाखा विद्यालय. मुलींचं. तिथे पोरीला प्रवेश मिळावा म्हणून आईबाप जिवाचं रान करतात म्हणे. आणि शंभर वर्षांपूर्वी एका बाईनं काढलंय ते. सेलेस्टिना डायस."

"डायस?" फर्नांडिसकाका सावरून बसले. ते मूळचे वसईचे, बँकेच्या बदलीनं नागपुरात आले आणि इथलेच झाले. "हे तर आमच्यातलं नाव. मग शाळा बौद्धांची कशी?"

मास्तरांना असं काही विचारलं की पोहे थंड होणार हे आम्हाला ठाऊक असतं. ते म्हणाले, "काका, लंकेचा किनारा पोर्तुगीजांकडे होता तेव्हा तिथला कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली चालायचा, तुमच्या वसईसारखाच. मग डच आले. त्यांच्या राज्यात सरकारी पद हवं तर बाप्तिस्मा हवा. नावं चर्चच्या दप्तरात चढली आणि माणसं विहारात जात राहिली. इंग्रज आले तरी ती नावं तशीच. लंकेतल्या बौद्ध पुनरुत्थानाचे पुढारी अनागारिक धर्मपालसुद्धा जन्मनावानं डॉन डेव्हिड हेवावितारणे. ही बाई माहेरची रॉड्रिगो, सासरची डायस, आणि बौद्ध."

"पैसा कुठून आणला तिनं?" वकिलानं विचारलं. आमचा वकील तिशीतला आहे, जिल्हा न्यायालयात जातो आणि कट्ट्यावरही उलटतपासणीच घेतो.

"नवऱ्याचा व्यापार होता. जेरेमियास डायस, कोलंबोजवळच्या पानदुरा गावचा मोठा असामी. १९०२ मध्ये तो वारला, मग सगळं बाईनं सांभाळलं."

"कसला व्यापार?"

दिनूनं प्लेटीतला शेवटचा घास निवांत संपवला. "अरॅकचा. मळे वगैरे होते, पण मूळ पैसा अरॅकचा."

अरॅक म्हणजे माडाच्या माडीपासून गाळलेली दारू. कोकणात माडी, आपल्याकडे मोहाची, तसं तिकडे अरॅक.

वकिलानं प्लेट पाळीवर ठेवली. "म्हणजे दारूच्या मक्तेदारणीनं बौद्ध मुलींची शाळा काढली, आणि आपण इथे, दीक्षाभूमीपासून दहा मिनिटांवर बसून तिचं कौतुक करायचं? त्या स्तंभावर बावीस प्रतिज्ञा कोरल्यात, त्यात दारू पिणार नाही हे स्पष्ट आहे. आणि पिणं सोडा, विकण्याबद्दल तर बुद्धांनी वेगळं सांगितलंय. अंगुत्तर निकाय या बुद्धवचनांच्या पाली संग्रहात उपासकानं करू नयेत असे पाच व्यापार दिलेत. शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा, विषाचा. चौथा वाचा."

"वाचलाय," मास्तर म्हणाले. "पण मक्ता देत कोण होतं? सरकार. गाळण्याचा आणि विकण्याचा हक्क इंग्रज सरकार लिलावात काढायचं. जो जास्त बोली लावेल त्याचा भाग. तिजोरीतला मोठा हिस्सा तिथून यायचा. चहा-कॉफीचे मोठे मळे गोऱ्यांच्या हातात, बँका गोऱ्यांच्या. सिंहली माणसाला भांडवल जमवायला जे थोडे दरवाजे उघडे होते त्यात अरॅकचा मक्ता हा सगळ्यात रुंद. आपल्याकडे मुंबई इलाख्यात अबकारीचा हाच खेळ होता. जोतीरावांनी पुण्याच्या नगरपालिकेत दारूच्या दुकानांविरुद्ध आवाज उठवला तो उगाच नाही."

"म्हणजे जोतीराव माझ्या बाजूला झाले ना, मास्तर!"

मास्तर गप्प झाले. मुद्दा बिनतोड होता.

मग रजनीताई बोलल्या. त्यांचा मसाल्याचा कारखाना आहे. नवरा गेला तेव्हा मुलं प्राथमिक शाळेत होती. "नवरा गेल्यावर बाईला लोक काय सांगतात ते मला विचार. धंदा दिराला दे, भावाला दे, तू पोरं सांभाळ. तिलाही सांगितलंच असेल. १९०२ साली एका विधवेनं हिशेबाच्या वह्या स्वतःच्या हातात ठेवल्या, हे तुला छोटं वाटतं का रे? आणि ठेवून काय केलं? त्या काळी पैसेवाले काय करायचे? विहाराला सोन्याचा पत्रा, भिक्खूंना दान, नवऱ्याच्या नावानं धर्मशाळा. पुण्य पदरात, नाव दगडावर. हिनं पोरींची शाळा काढली."

"तिच्याआधी कुणी काढलीच नव्हती का?" मी विचारलं. मला खरंच माहीत नव्हतं.

इथे मास्तर पुन्हा फुलले, आणि मला वाटतं हा भाग जरा सविस्तरच सांगायला हवा. कारण शाळेचं मूळ जिथे आहे ते गाव सेलेस्टिनाबाईंचंच आहे. कोलंबोच्या दक्षिणेला समुद्रकाठी पानदुरा. तिथे ऑगस्ट १८७३ मध्ये बौद्ध आणि ख्रिस्ती धर्मांवर दोन दिवस जाहीर वाद झाला. एका बाजूला बौद्ध भिक्खू मिगेट्टुवत्ते गुणानंद थेर, दुसऱ्या बाजूला पाद्री डेव्हिड डी सिल्व्हा. हजारो लोक ऐकायला. त्याचं इंग्रजी वृत्त अमेरिकेपर्यंत गेलं, थिऑसॉफिकल सोसायटीचा अमेरिकन संस्थापक कर्नल ऑल्कट याच्या हाती पडलं, आणि १८८० मध्ये तो सोसायटीच्या सहसंस्थापक ब्लाव्हाट्स्कीबाईंसह लंकेत उतरला, पंचशील घेऊन बौद्ध झाला. तोवर इंग्रजी शिकायचं तर बहुतेक मिशनच्या शाळेत, आणि मिशनच्या शाळेत बायबल. ऑल्कटनं बौद्धांच्या स्वतःच्या शाळांची चळवळ उभी केली. १८८६ मध्ये कोलंबोच्या पेट्टा भागात जी मुलांची शाळा निघाली तीच पुढे आनंद कॉलेज झाली.

"मुलांची," रजनीताई म्हणाल्या.

"हो, आधी मुलांची. मुलींसाठी १८९० मध्ये संघमित्ता शाळा निघाली. तिच्यासाठी ऑस्ट्रेलियातून केट पिकेट नावाची तरुण शिक्षिका आली, आणि १८९१ च्या जूनमध्ये, येऊन फार दिवस झाले नव्हते, तोच शाळेच्या आवारातल्या विहिरीत बुडून मेली. मग मारी म्यूसियस हिगिन्स ही जर्मन विधवा आली. तिचं व्यवस्थापनाशी जमलं नाही. पीटर डी अब्रू नावाच्या स्थानिक गृहस्थानं जागा दिली आणि तिनं वेगळी शाळा काढली, झावळ्यांनी शाकारलेल्या मातीच्या घरात. ते म्यूसियस कॉलेज आजही आहे. म्हणजे पाया होता. पण चालवणाऱ्या बाया बाहेरच्या, आणि पैशासाठीही बरेचदा तोंड परदेशाकडेच. १९१७ च्या १६ जानेवारीला कोलंबोत टरेट रोडवरच्या 'द फर्स' नावाच्या बंगल्यात बुद्धिस्ट गर्ल्स कॉलेज उघडलं, तेव्हा त्यामागचा पैसा एका सिंहली बौद्ध बाईचा होता. फरक हा आहे."

"आणि मुख्याध्यापिका?" वकिलाला राहवेना.

"बर्निस बॅनिंग. अमेरिकन."

"बघा!"

"बघा काय? बौद्ध घरातल्या पदवीधर मुली आणायच्या कुठून? त्या तयार करायलाच तर शाळा होती. पुढे क्लारा मोटवानी आल्या, त्याही अमेरिकन, सिंधी गृहस्थाशी लग्न झालेल्या. मग केरळच्या सुझन पुलिमूड, ख्रिस्ती बाई, त्यांनी वीस वर्षांहून जास्त शाळा चालवली. बौद्ध शाळेला ख्रिस्ती मुख्याध्यापिका चालली. काका, तुम्ही खूश व्हा."

फर्नांडिसकाका खूश झाले, पण त्यांनी त्यांचा प्रश्न सोडला नाही. "मिशनच्या शाळेत जाऊन बिघडत काय होतं? सिरिमाव्हो बंडारनायके कॉन्व्हेंटमध्येच शिकल्या ना? बौद्ध राहिल्या, आणि १९६० मध्ये जगातल्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या."

याला कुणाकडे झटपट उत्तर नव्हतं. मास्तर म्हणाले ते मला पटलं. सिरिमाव्हो मोठ्या घराण्यातली मुलगी. घरात धर्म भक्कम होता, नोकरचाकर होते, कॉन्व्हेंटमधून घरी आली की ती पुन्हा आपल्या जगात यायची. साध्या घरातल्या मुलीला शाळेत रोज सांगितलं जातं की तुझी आजी फुलं वाहते ती मूर्खपणानं, तेव्हा ती आजीकडे काय नजरेनं बघायला लागते? शिकायचं असेल तर आजीची लाज वाटून घे, असा सौदा तिच्यापुढे नको होता.

"पण मास्तर, खरं कारण हेच होतं का?" मी म्हणाले. "मुलं आनंद कॉलेजात शिकली, वकील-डॉक्टर झाली. त्यांना शिकलेल्या बायका हव्या होत्या. आणि त्या ख्रिस्ती नकोत, बौद्ध हव्यात. आपल्याकडेही स्त्रीशिक्षणाचे अर्धे अर्ज याच शाईनं लिहिलेत. सुगृहिणी, सुमाता."

"हेतू तसा होता, कबूल," रजनीताई म्हणाल्या. "पण एकदा वाचायला शिकवलं की पोरगी काय वाचेल ते तुझ्या हातात राहतं का?"

आता मला माझं सांगावंच लागलं. कट्ट्यावर मी सहसा घरचं काढत नाही. माझे आजोबा मोहाच्या भट्टीवर अख्खी मजुरी घालवायचे. आईची शाळा चौथीत सुटली. तिला गणित आवडायचं, अजून भाजीवाल्याचा हिशेब ती त्याच्याआधी करते. म्हणून वकील पाच व्यापारांबद्दल बोलत होता तेव्हा मी सुत्ताचा विचार करत नव्हते. पानदुऱ्याच्या आसपास कुण्या कोळ्याच्या, कुण्या मजुराच्या घरी संध्याकाळी जे पैसे आले नाहीत, ते मक्तेदाराच्या पेटीत गेले. त्या घरातही एक मुलगी असेल आणि तीही चौथीत घरी बसली असेल. तिच्या शाळेचे पैसे कोलंबोतल्या इंग्रजी शाळेत लागले, जिथे पैसेवाल्यांच्या मुली शिकल्या. मला त्या बाईंबद्दल आदर वाटतो, आणि हा हिशेबही माझ्या डोक्यातून जात नाही. दोन्ही एकदमच सांगायला हवं. शाळेची गोष्ट सांगताना मक्ता गाळला तर माझ्या आईसारख्या मुली गाळल्या जातात. मक्ता सांगून शाळा पुसली, तर नंतर तिथून शिकून बाहेर पडलेल्या हजारो मुली पुसल्या जातात.

कुणी काही बोललं नाही. टपरीवाल्यानं न सांगता चहा आणून ठेवला.

दिनू हळूच म्हणाला, "आपल्या जाईबाई चौधरींचं काय मग? स्टेशनवर हमाली केलेली बाई. तिनं १९२२ मध्ये इथेच नागपुरात मुलींची शाळा काढली, चोखामेळ्याच्या नावानं. तिच्याकडे कुठला मक्ता होता?"

"नव्हता," मी म्हणाले. "आणि माझ्यासाठी ती मोठी. पण तिला आयुष्यभर दहा-दहा रुपयांसाठी दारोदार जावं लागलं असणार, याचं मला कौतुक करवत नाही. अशा बाईच्या मागे एखादी पैसेवाली बाई उभी राहिली असती तर मला आवडलं असतं."

"दारूवाली असती तरी?" वकील.

मी उत्तर देण्याआधी मास्तरांनी मुलाचं काढलं. आर्थर डायस, सेलेस्टिनाबाईंचा मुलगा. लंकेत दारूबंदीची चळवळ १९०४ पासून होती, आणि १९१२ मध्ये सरकारनं अबकारीचा नवा कायदा करून गावोगाव ताडी-माडीची दुकानं उघडायला घेतली तेव्हा ती पेटली. पुढारी बौद्ध, सभा विहारांच्या आवारात. अरॅकच्या पैशावर वाढलेला आर्थर त्या चळवळीत होता. १९१५ मध्ये दंगल झाली, इंग्रजांनी लष्करी कायदा लावला आणि चळवळीतली माणसं उचलून तुरुंगात टाकली. आर्थरला फाशीची शिक्षा झाली. ती अंमलात आली नाही, तो सुटला. सुटल्यावर त्यानं देशभर फणसाची झाडं लावायचा ध्यास घेतला. दुष्काळ पडला, युद्ध आलं, तरी फणस गरिबाचं पोट भरतो म्हणून. सिंहलीत फणसाला 'कोस' म्हणतात. लोक त्याला 'कोस मामा' म्हणायला लागले आणि आजही त्याच नावानं ओळखतात.

म्हणजे तारखा लावून बघा. १९१५ मध्ये मुलाच्या गळ्याभोवती फास. १९१७ च्या जानेवारीत आईची शाळा उघडली. पुढे त्याच इंग्रज सरकारनं आईला एम.बी.ई. हा किताब दिला. आणि १९२७ मध्ये शाळा बंबलपिटियाला गेली तेव्हा तिला सेलेस्टिनाचं किंवा जेरेमियासचं नाव दिलं नाही. विशाखा नाव दिलं.

"विशाखेची गोष्ट माहितेय ना?" रजनीताई एकदम म्हणाल्या. त्या दर पौर्णिमेला विहारात जातात. "बुद्धांच्या काळातली श्रावस्तीची श्रीमंत उपासिका. तिचा महालता नावाचा दागिना, नऊ कोटींचा. एकदा जेतवनात विसरली. तो विकून संघाला दान द्यायचं ठरवलं, तर एवढी किंमत देणारं गिऱ्हाईकच मिळेना. मग तिनं स्वतःच तेवढे पैसे मोजून तो विकत घेतला आणि त्यातून पूर्वाराम विहार बांधला. शाळेला हे नाव ज्यानं सुचवलं त्याला ही बाई नीट कळली होती."

वकिलानं चहा संपवला. तो हरला नव्हता, आणि मला तो हरायलाही नको होता. तो म्हणाला, "ठीक आहे, ताई. पण मला एकच कळत नाही. मुलगा दारूबंदीच्या सभांना जायचा, आणि घरात तिजोरी त्याच धंद्यावर भरलेली. रात्री जेवायला बसल्यावर आई-मुलात काय बोलणं होत असेल?"

रजनीताईंनी क्षणभर विचार केला. "बोलणं झालंच असेल. माझा मुलगा मला मिरचीच्या भुकटीतल्या रंगावरून बोलला होता. आठ दिवस जेवला नाही घरात."

"मग?"

"मग बंद केला रंग. धंदा पडला त्या वर्षी."

दिनूनं पुन्हा मोबाइल उघडला आणि फाटकाचा तो फोटो मोठा करून रजनीताईंच्या हातात दिला. दोन वेण्यांतल्या मुली पांढऱ्या गणवेशात बाहेर पडत होत्या, एक मागे वळून कुणाला तरी हाक मारत होती.