कोलाजवरचे फुगे, फेविकॉल आणि पिकासोचं वर्तमानपत्र

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया कडक आहे, पण रागाला कारण आहे. मिश्र माध्यमातल्या कोलाजवरचा, म्हणजे कागद-कापडाचे तुकडे चिकटवून वरून रंगवलेल्या चित्रांवरचा, आमचा लेख वाचून तुमच्या मुलीने सबमिशनसाठी माउंट बोर्डावर २४ बाय १८ इंचांचं चित्र केलं. लेखातल्या प्रमाणानेच गोंद पातळ केला. दुसऱ्या दिवशी मासिकाच्या कागदावर फुगे, बारीक कागदांना सुरकुत्या आणि बोर्डाला बाक. त्यावर तुमचे तीन आक्षेप आहेत: फेविकॉलने होणाऱ्या कामाला मीडियम (रंग न घातलेला ॲक्रिलिकचा द्रव) आणि जेसो (रंगाआधी द्यायचा पांढरा अस्तर-लेप) यांचा थाट कशाला, पिकासोने वर्तमानपत्र चिकटवलं ते चालतं, मग विद्यार्थ्यांना मनाई का, आणि मुळात कोलाज म्हणजे ज्यांना चित्र काढता येत नाही त्यांची पळवाट.

फुग्यांचा दोष लेखाचा, मुलीचा नाही. ‘गोंद आणि पाणी समप्रमाणात’ हे एकच प्रमाण सगळ्या कागदांना सांगितलं गेलं, ते चूक होतं. समप्रमाण फक्त टिश्यूसारख्या झिरझिरीत कागदाला. मासिकाच्या गुळगुळीत कागदाला तीन भाग गोंदाला एक भाग पाणी, त्याहून पातळ नको. हातकागद, कापड, गोणपाट यांना गोंद जसाच्या तसा. लेखात दुरुस्ती केली आहे.

पण नुसतं प्रमाण सुधारून फुगे थांबणार नाहीत, कारण खरा घोटाळा वेळेचा असतो. कागद ओला झाला की वाढतो, आणि चारी बाजूंनी सारखा वाढत नाही. कारखान्यात कागद बनताना त्याचे तंतू बहुतेक एका दिशेने पडतात. ओला कागद त्या दिशेला आडवा जास्त पसरतो. गोंद लावून लगेच चिकटवलेला तुकडा बोर्डावर बसल्यानंतर वाढायला लागतो. कडा तोवर धरलेल्या असतात, मग वाढलेला कागद जाणार कुठे? मध्येच वर उठतो. म्हणून गोंद तुकड्याच्या पाठीला लावायचा, दीड-दोन मिनिटं तसाच ठेवायचा, त्याला काय पसरायचं ते पसरू द्यायचं आणि मग बसवायचा. बसवताना मधून कडेकडे जायचं. जुनं एटीएम कार्ड यासाठी उत्तम, मात्र कार्ड आणि चित्र यांच्यामध्ये प्लास्टिकची पिशवी हवी, नाहीतर ओली छपाई खरवडली जाते. गोंद बोर्डालाही लावायचा, हलकासा. फक्त एका बाजूला लावला की मध्ये कोरडे ठिपके राहतात आणि तिथूनच फुगा येतो.

तंतूंची दिशा ओळखायची असेल तर कागदाचा चौकोनी तुकडा एका बाजूने ओला करा. तो ज्या अक्षाभोवती नळीसारखा वळेल, ती तंतूंची दिशा. मोठे तुकडे सगळे एकाच दिशेने लावायचे.

बोर्डाच्या बाकाचं कारण वेगळं. वाळताना कागद आकसतो आणि बोर्डाला पुढे ओढतो. मागच्या बाजूला तेवढीच ओढ असेल तर बोर्ड सरळ राहतो, म्हणून पाठीला तितक्याच जाडीचा साधा कागद त्याच गोंदाने चिकटवायचा. या मापाचं चित्र माउंट बोर्डावर करूच नये असं आमचं मत आहे. ६ मिमीचा एमडीएफ (लाकडाच्या तंतूंची दाबलेली फळी) घ्या, मागे एक इंची पट्ट्यांची चौकट मारा, आणि जेसोचे हात पुढे-मागे दोन्हीकडे द्या. एमडीएफच्या कापलेल्या कडा पाणी शोषून पुरीसारख्या फुगतात, त्यांना तर दोन हात जास्तच.

आता फेविकॉल. लाकूड, कापड, सुतळी, गोणपाट यांना त्याच्याइतकं सोयीचं काही नाही, आणि ज्या कोलाजवर नंतर रंग चढणार नाही तिथे तो खुशाल वापरा. अडचण मिश्र माध्यमात येते. हा पांढरा गोंद वाळल्यावरही पाण्याने थोडा मऊ होतो. त्यावर पातळ ॲक्रिलिकचा ओला हात दिला की कडा सुटायला लागतात, आणि घासून सपाट करायला गेलात तर पॉलिश पेपरवर चिकट गोळे जमतात. ॲक्रिलिक मीडियम एकदा वाळलं की पाण्याला दाद देत नाही, एवढाच फरक. शिवाय मीडियम गोंदाचंही काम करतं आणि वरच्या लेपाचंही. तो लेप गरजेचा असतो. न्यूजप्रिंट, म्हणजे वर्तमानपत्राचा कागद, रंग पिऊन टाकतो, मासिकाचा कागद पीत नाही, त्यामुळे ब्रशमधला एकच निळा एकीकडे मातकट आणि शेजारी चकचकीत दिसतो. चिकटवलेलं सगळं पूर्ण वाळल्यावर, रंगाआधी, मॅट (चकाकी नसलेल्या) मीडियमचा एक पातळ हात दिला की सगळी जमीन एकसारखी होते. वरून चारकोल चालवायचा असेल तर त्या मीडियममध्ये चमचाभर खडूची पूड मिसळा. गुळगुळीत लेपावर चारकोल धरत नाही, बोटाला लागतो. ऑइल पेस्टल सगळ्यात शेवटी. त्यावर ॲक्रिलिक टिकत नाही, पापुद्रा निघतो.

मीडियमची बाटली परवडत नसेल तर चार जणांनी मिळून घ्यावी. वाळवायला हेअर ड्रायर मात्र कुणाचाही नको. वरचा पापुद्रा वाळतो, खालचा गोंद ओला राहतो आणि त्यातली वाफ पुन्हा फुगे उठवते. एका चित्राला आठ दिवस लागतात अशीही तुमची तक्रार आहे, त्यातले निम्मे दिवस नुसते वाळण्याचे असतात. पावसाळ्यात तर जास्तच.

पिकासोकडे येऊ. १९१२ च्या शरदात आणि पुढच्या वर्षी त्याने वर्तमानपत्राचे तुकडे भरपूर चिकटवले, खरं आहे. पण ते तुकडे आज कसे दिसतात ते पाहा. ‘सुझ’ या फ्रेंच मद्याच्या बाटलीचं ते प्रसिद्ध कोलाज घ्या: आज तपकिरी दिसणारं वर्तमानपत्र चिकटवलं तेव्हा ताजं आणि फिकं होतं. भोवतालच्या रंगांशी त्या फिक्या कागदाचं जे नातं त्याने जुळवलं, ते आपल्याला आता दिसतच नाही. न्यूजप्रिंटमध्ये लाकडाला ताठपणा देणारं लिग्निन तसंच राहिलेलं असतं. उजेड आणि हवा लागली की ते पिवळं पडतं, आणि कागद आम्लामुळे ठिसूळ होतो. संग्रहालयं असे कागद साधारण ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) मंद उजेडात ठेवतात. आपल्याकडे चित्र दिवाणखान्यात खिडकीसमोर लागतं.

मनाई नाहीच, फक्त वापरण्याची रीत आहे. सोपा मार्ग म्हणजे त्या पानाची चांगल्या आम्लरहित कागदावर लेझर झेरॉक्स काढायची. टोनर पाण्याने पसरत नाही. घरच्या इंकजेटची प्रिंट नको, मीडियम लागताच अक्षरं निळी-जांभळी वाहतात. अस्सल कागदच हवा असेल तर आणखी एक गंमत लक्षात ठेवा. न्यूजप्रिंटला मीडियम लागलं की तो तेल लागल्यासारखा पारदर्शक होतो, आणि पाठीमागच्या पानावरचा मथळा उलट्या अक्षरांत वर दिसायला लागतो. काहींना ते आवडतं. नको असेल तर चिकटवण्याआधी पाठीला पांढऱ्या जेसोचा पातळ हात द्या आणि वाळू द्या. पतंगाच्या कागदाचंही तसंच, त्याचा रंग कच्चा असतो. गुलाबी पतंगी कागद पांढऱ्याशेजारी ओला लावला की सगळीकडे होळी. मीडियमने तो आधी वेगळा, प्लास्टिकवर, दोन्ही बाजूंनी बंद करून घ्यावा. जो रंग सुटायचा तो तिथेच सुटतो.

पळवाटेबद्दल. चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जींनी शांतिनिकेतनच्या हिंदी भवनातलं मध्ययुगीन संतांचं भित्तिचित्र १९४६-४७ मध्ये केलं. १९५६-५७ च्या सुमारास त्यांची दृष्टी पूर्ण गेली, त्यानंतर त्यांनी कागद कापून कोलाज केले. चित्र काढता येत नसलेला माणूस म्हणून त्यांचं नाव घ्यायला कुणी धजणार नाही.

आणि पळवाट कुठे दिसते तेही सांगता येतं. रंग पाहून कागद निवडले की चित्र पसरट होतं. कॅलेंडरचा कुंकवासारखा लाल आणि पानाचा गडद हिरवा शेजारी ठेवले तर डोळ्याला केवढे वेगळे वाटतात! मोबाइलवर त्यांचा कृष्णधवल फोटो काढा, दोन्ही जवळजवळ एकाच करड्या रंगाचे निघतात आणि मधली कड नाहीशी होते. म्हणून गोंदाची बाटली उघडण्याआधी तीन-चार इंचांची पेन्सिलची रेखाटनं लागतात, फक्त तीन टोनची: गडद, मध्यम, फिका. रद्दीचेही तसेच तीन ढीग. चाळीच्या गॅलरीचा कठडा उजेडावर गडद दिसायचा असेल तर तो कागद गडद ढिगातूनच यायला हवा, त्यावर काय छापलंय हा प्रश्न नंतरचा. मग सगळे तुकडे कोरडेच मांडायचे, फोटो काढायचा, पाठीला पेन्सिलने आकडे घालायचे. बॉलपेनने नको, त्याची शाई मीडियममधून हळूहळू वर झिरपते आणि महिन्याभराने आकाशात ‘१७’ उगवतो. फाडलेल्या तुकड्याची पांढरी कड हीसुद्धा रेघच आहे. फाडण्याची दिशा उलटली की ती या तुकड्यावरून त्या तुकड्यावर जाते, हे रद्दीवर चार वेळा करून पाहिलं की हात बसतो. एवढं करायला ड्रॉइंगच लागतं.

मुलीचं चित्र फेकू नका. फेविकॉल उष्णतेने मऊ होतो, ते इथे कामी येईल. फुग्यावर बेकिंगचा कागद ठेवून इस्त्री अगदी कमी तापमानावर दहा-पंधरा सेकंद दाबा आणि लगेच थंड, जड काहीतरी ठेवा. नाही बसला तर छपाईतल्या एखाद्या रेघेवरच ब्लेडने बारीक चीर द्या, जाड सुईच्या सिरिंजने दोन भाग गोंदाला एक भाग पाणी असा, सुईतून जाण्यापुरता पातळ गोंद आत सोडा, दाबून बाहेर आलेला ओल्या फडक्याने टिपा, वर प्लास्टिक आणि रात्रभर वजन. सुरकुत्या इस्त्रीने जात नाहीत. त्या २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या घासून वर नवा कागद लावा, किंवा कोरड्या ब्रशने त्यांच्या कण्यावरून रंग ओढून पोत म्हणून वापरा. बाक काढायला पाठ स्पंजने किंचित ओलसर करून कागद चिकटवा आणि दोन प्लायमध्ये दोन दिवस दाबून ठेवा. समोरच्या बाजूला प्लास्टिक विसरू नका, ॲक्रिलिक प्लायला चिकटतं.

इस्त्रीआधी एक तपासा: चित्रात मशीनमधून निघालेलं बसचं तिकीट आहे का. तो थर्मल कागद असतो, इस्त्री लागताच काळा पडेल.