मुंबईचे दिवे खरंच चीनने घालवले?

१२ ऑक्टोबर २०२०. सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. गलवानच्या चकमकीला तेव्हा चारच महिने झाले होते. "चीनने बीजिंगहून कळ दाबली आणि मुंबई बंद पाडली," हा मजकूर आजही फिरतो. त्यातला एकेक दावा बघू.

"अमेरिकी अहवालात सिद्ध झालंय." अहवाल 'रेकॉर्डेड फ्युचर' या सायबर सुरक्षा कंपनीचा, फेब्रुवारी २०२१ चा. भारतातल्या पाचपैकी चार प्रादेशिक भार प्रेषण केंद्रांवर (विजेची मागणी आणि पुरवठा यांचा मेळ घालणाऱ्या केंद्रांवर) चिनी हॅकर गटाचा डोळा असल्याचं त्यात आहे, आणि ते गंभीरच आहे. पण मुंबईच्या घटनेशी याचा संबंध सिद्ध झालेला नाही, हेही त्यातच लिहिलंय. फॉरवर्ड करणारे नेमकं तेवढंच वाक्य गाळतात.

"गृहमंत्र्यांनीच सांगितलं." राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुखांनी मांडला तो सायबर विभागाचा प्राथमिक अहवाल, १४ ट्रोजन (संगणकात लपून शिरणारे घातक प्रोग्रॅम) सापडल्याचा. तेव्हाचे केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी मात्र मानवी चूक म्हटलं. उत्तर आणि दक्षिण विभागाच्या केंद्रांवर हल्ले झाले, पण ते प्रत्यक्ष कामकाजाच्या यंत्रणेपर्यंत पोचले नाहीत, असंही सांगितलं. (राज्यात एक सरकार, केंद्रात दुसरं, हे दोन्हीकडचं बोलणं ऐकताना लक्षात ठेवावं.) तरीही संगणकात व्हायरस सापडला म्हणून त्यानेच वीज घालवली, असं होत नाही.

"एवढं मोठं शहर आपोआप कसं बंद पडेल?" पडतं. मुंबईकडे वीज आणणाऱ्या कळवा-पडघा ४०० केव्ही वाहिनीचं एक सर्किट दुरुस्तीसाठी बंद होतं. भार दुसऱ्यावर होता, तेही गेलं. एक वाहिनी गेली की तिचा भार उरलेल्यांवर येतो, त्या ट्रिप होतात, म्हणजे आपोआप बंद पडतात, मग पुढच्या. अशा वेळी मुंबईला बाहेरच्या ग्रिडपासून तोडून शहराच्या स्वतःच्या विजेवर चालवायची 'आयलँडिंग'ची सोय १९८१ पासून आहे. त्या दिवशी तीही टिकली नाही, कारण शहरातली निर्मिती मागणीला पुरी पडली नाही.

"म्हणजे सायबर हल्ल्याची भीती थोतांड?" अजिबात नाही. २३ डिसेंबर २०१५ ला युक्रेनमध्ये हॅकरांनी सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज खरोखर तोडली. त्या हल्ल्याची तांत्रिक साखळी तपासून मांडली गेली. मुंबईबाबत तशी साखळी कुणीही दाखवलेली नाही.

शहराला बाहेरून जादा वीज आणणारी, वर्षानुवर्षं रखडलेली खारघर-विक्रोळी ४०० केव्ही वाहिनी २०२३ मध्ये सुरू झाली. ती रखडवायला चीन आला नव्हता.