आखूडशिंगी, बहुदुधी आणि न हंबरणारी

आमच्या जुन्या कॉम्प्युटरला अखेरची घरघर लागली, पण गेली नऊ वर्षं तो घरघरतच असल्यामुळे ही अखेरची आहे हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. गेला तेव्हा घरात एकदम शांतता पसरली. इतकी, की बायको स्वयंपाकघरातून धावत आली आणि म्हणाली, "काय झालं?"

नवीन कॉम्प्युटर सुटे भाग आणून मी स्वतः जोडणार, असं मी जाहीर केलं. "अहो, त्यापेक्षा सरळ लॅपटॉप का नाही घेत?" असं तिने विचारलं. या प्रश्नाला तेव्हा माझ्याकडे चांगलं वीस मिनिटांचं उत्तर होतं. आता नाही.

मग मागण्या आल्या. चिरंजीवांना गेममध्ये फ्रेम, म्हणजे सेकंदाला पडद्यावर बदलणारी चित्रं, हव्या होत्या, भरपूर. बायकोची अट अशी, की कॉम्प्युटर झोपण्याच्या खोलीत राहणार असल्यामुळे तो दिसता कामा नये आणि ऐकूही येता कामा नये. खर्च आटोक्यात राहावा ही मागणी एकट्या माझी, म्हणून ती सर्वात आधी बारगळली. आखूडशिंगी, बहुदुधी, कमी खाणारी आणि न हंबरणारी गाय आपल्या पूर्वजांनाही मिळाली नव्हती. मिळाली असती तर म्हण कशाला केली असती? पण इंटरनेट हाताशी असलं की माणसाला पूर्वजांपेक्षा आपल्याला जास्त कळतं असं वाटतं.

सुरुवात कॅबिनेटपासून केली. कॅबिनेट लिटरमध्ये मोजतात हे तोवर मला ठाऊक नव्हतं. नेहमीचा उभा टॉवर साधारण चाळीस-पन्नास लिटरचा, म्हणजे दोन-अडीच बादल्या. मी निवडलं ११ लिटरचं. त्यात बसणारा मदरबोर्ड (बाकीचे सगळे भाग जिला जोडतात ती पाटी) म्हणजे मिनी-आयटीएक्स, १७० मिलिमीटर लांब आणि तेवढाच रुंद. हे माप व्हीआयए या कंपनीने २००१ साली आणलं. नेहमीचा एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ असतो. धाकट्यावर रॅमच्या दोनच खाचा आणि पडद्यावरची चित्रं काढणाऱ्या ग्राफिक्स कार्डासाठी एकच. सगळंच कमी, तेव्हा किंमतही कमी असेल अशी माझी भाबडी समजूत. मूर्ती लहान, किंमत महान. वीज पुरवणाऱ्या डब्याचं, म्हणजे एसएमपीएसचंही तेच. छोटा एसएफएक्स घ्यावा लागला, तो थोरल्या भावापेक्षा आकाराने निम्म्याहून लहान आणि किमतीने मोठा. ग्राफिक्स कार्ड मदरबोर्डच्या पाठीला पाठ लावून बसवायचं, म्हणून मध्ये एक रायझर केबल. ती केबल दुसरं काहीही करत नाही. इकडची पट्टी तिकडे नेते आणि पैसे घेते.

चिरंजीवांनी पसंत केलेलं कार्ड ३०४ मिलिमीटर लांब निघालं आणि कॅबिनेटमध्ये जागा होती ३००. चार मिलिमीटर. दोन दिवस मी कानशीने काय काय घासता येईल याचा विचार करत होतो. शेवटी आखूड कार्ड आलं आणि चिरंजीव दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्यामुळे आवाजाचा प्रश्न तेवढ्यापुरता सुटला.

खरी मेख पंख्याची. पंख्याचं गणित समजलं आणि मला काही काळ आपण फार हुशार असल्याचा भास झाला. एकाच पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण आवाज तब्बल १५ डेसिबलच्या आसपास उतरतो. उलट, तसाच दुसरा पंखा शेजारी लावला तर आवाज फक्त ३ डेसिबलने चढतो. म्हणजे मिनिटाला २००० फेऱ्या मारणाऱ्या एका पंख्याऐवजी १००० फेऱ्यांचे दोन लावले तर हवा जवळजवळ तेवढीच आणि आवाज १२ डेसिबलने कमी. कानाला निम्म्याहून कमी! हे मी जेवताना घरच्यांना समजावून सांगितलं. कागदावर आकृतीही काढली. चिरंजीवांनी इतकंच विचारलं, "बाबा, दुसरा पंखा ठेवणार कुठे?"

इथेच सगळ्या गाड्या अडतात. शांतता म्हणजे मोठा, संथ पंखा आणि भरपूर ॲल्युमिनियम, म्हणजेच जागा. प्रोसेसर थंड करणारे मोठे कूलर १६५ मिलिमीटर उंच असतात. माझ्या कॅबिनेटमध्ये मावणारा ३७ मिलिमीटरचा. एवढ्याशा पत्र्यावर प्रोसेसर थंड ठेवायचा, तर पंख्याने जिवाच्या आकांताने पळायला हवं. त्यात माझ्या प्रोसेसरच्या डब्यावर ६५ वॅट लिहिलेलं, पण कामाला लागला की तो ८८ वॅटपर्यंत ओढतो, हे बारीक अक्षरांत वाचायला मिळालं. उष्णता जाणार कुठे? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

पंखाच नको, असाही एक विचार मनात येऊन गेला. ॲपलने २००० साली असा प्रयोग केला होता: पॉवर मॅक जी४ क्यूब. देखणा, पारदर्शक आवरणातला चौकोनी ठोकळा, आत पंखा नाही. गरम हवा धुराड्यातल्यासारखी आपोआप वरून निघून जायची. छोटा होता, शांत होता, सुंदर होता आणि महाग होता. २००१ च्या जुलैमध्ये कंपनीने त्याचं उत्पादन थांबवलं. क्यूबची ही कथा मी बायकोला सांगितली. तिला त्यातला फक्त "महाग" हा शब्द ऐकू आला.

जोडणीला एक रविवार लागेल असं धरलं होतं, दोन लागले. लहान कॅबिनेटमध्ये प्रत्येक वस्तू दुसरीच्या मांडीवर बसलेली असते. एसएमपीएस बसवला की मदरबोर्डचा कोपरा झाकला जातो, आणि पुढच्या बटणाच्या वायरी नेमक्या त्याच कोपऱ्यात लावायच्या असतात. तिथे मुंगीच्या पायांएवढ्या पिनांच्या दोन रांगा. पॉवर स्विचची टोपी दोन पिनांवर, रीसेटची दोन पिनांवर, दिव्याची दोन पिनांवर, आणि दिव्याला उलटसुलट चालत नाही. तोंडात टॉर्च, एका हातात चिमटा, दुसऱ्या हाताचं बोट पत्र्याच्या धारेने कापलेलं. पॉवर स्विच लागला. दिव्याची टोपी तीनदा निसटून खाली पडली आणि चौथ्यांदा कुठे गेली ते दिसलंच नाही. ती काढायची तर एसएमपीएस सोडवा, मग केबल सोडवा, मग कार्ड सोडवा. म्हटलं, दिव्यावाचून काय अडलंय? नाहीतरी झोपण्याच्या खोलीत दिवा डोळ्यांत खुपतो. झाकण लावून टाकलं.

पहिल्याच फटक्यात सुरू झाला. डोळ्यांत पाणी आलं. पाठोपाठ "टर्रर्रर्र" असा आवाज आला. एक केबल पंख्याच्या पात्याला गुदगुल्या करत होती. पुन्हा झाकण.

पुढचे तीन आठवडे मी पंख्याचा वेग आणि तापमान यांची सांगड घालण्यात घालवले. ब्राउझर उघडला की प्रोसेसर क्षणभर तापतो, पंखा लगेच दचकून उठतो आणि दोन सेकंदांत पुन्हा लवंडतो. दिवसभर हेच. मोठा आवाज एकवेळ सहन होतो, पण चढउतार होत नाही. घोरणाऱ्या माणसाशेजारी झोपलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. पंख्याला काही सेकंद धीर धरायला शिकवलं तेव्हा हा उचकीचा प्रकार थांबला. मग मोबाइलवर डेसिबल मोजायचं ॲप घेतलं. कॉम्प्युटर बंद असताना ३१, चालू असताना ३३ आणि मी श्वास रोखल्यावर चालू असतानाही ३०.

एवढं करून सगळ्यात मोठा फायदा झाला तो दमडीही न मोजता. ग्राफिक्स कार्डाची वीजमर्यादा मी गुपचूप सत्तर टक्क्यांवर आणली. शेवटच्या चार फ्रेमांसाठी ही कार्डं भरमसाट वीज खातात. त्या चार फ्रेम सोडल्या की कार्ड गार, पंखा निवांत. हे आधी कळतं तर निम्म्या रविवारी झोप मिळाली असती. चिरंजीवांना मात्र दुसऱ्याच दिवशी संशय आला. "बाबा, ६४ ऐवजी ६० फ्रेम का येताहेत?" हवामानाचा परिणाम असेल, असं मी म्हणालो.

पंखे गप्प झाल्यावर कार्डातून एक बारीक चिरचिर ऐकू यायला लागली. तो कॉइलचा, म्हणजे कार्डावरच्या तारेच्या वेटोळ्याचा आवाज. गेम सुरू होण्याआधीच्या नुसत्या मेनूवर कार्ड सेकंदाला शेकडो फ्रेम काढत बसायचं, तेव्हा तो जास्त यायचा. फ्रेमना मर्यादा घातली आणि तोही गेला. त्या रात्री मी अंधारात कॉम्प्युटरला कान लावून बसलो. काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. दिसतही नव्हतं. अट पूर्ण.

गेल्या शनिवारी बहिणीच्या साठीचा व्हिडिओ मी सहा तासांच्या कामाला लावला आणि बाहेर गेलो. परत आलो तर पडदा काळा. बटण दाबलं, हालचाल नाही. भिंतीवरचा स्विच पाहिला, तो बंद.

"अहो, मीच बंद केला," बायको म्हणाली. "आवाज नाही, दिवा नाही. मला वाटलं, तुम्ही नुसताच स्विच चालू ठेवून गेलात."

दिवा लावायचा तर एसएमपीएस, केबल, कार्ड, सगळं सोडवायचं. मी सेटिंग उघडलं आणि पंख्याचा किमान वेग ६०० फेऱ्यांवरून ११०० वर नेला. खोलीत बारीकशी घरघर सुरू झाली.

"हं, आता कसं कळतंय," ती म्हणाली आणि दार लोटून घेतलं.