‘परकी’ खार, आणि एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

तांबड्या खारींवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: "करड्या खारींना परक्या ठरवून मारायचं आणि वर त्याला संवर्धन म्हणायचं? तुम्ही स्वतः साताऱ्याहून इंग्लंडला गेलात, तुम्हाला हे शोभतं का? जी टिकेल ती टिकेल, निसर्गाला ठरवू द्या. एवढीच हौस असेल तर आपल्या शेकरूकडे बघा." साताऱ्याचं वाक्य मनाला लागलं, म्हणून सविस्तर लिहिते.

मारण्याची गोष्ट मी झाकणार नाही. पिंजऱ्यात सापडलेली करडी खार मारलीच जाते. ती परत रानात सोडायला इथे कायद्याने बंदी आहे. पिंजरा मी लावत नाही, पण माझ्या कॅमेऱ्यातला फोटो बघूनच तो लागतो, म्हणजे त्यात माझा हात आहेच. फोटो पाठवताना दर वेळी पोटात कालवतं.

तरी पाठवते. दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात, नॉर्थम्बरलंडमधल्या आमच्या गावामागच्या रानात, दाण्याच्या पेटीशी एक तांबडी बसली होती. माणसाची चाहूल लागली की सुर्रकन खोडामागे जाणारा हा जीव, पण मी चार हातांवर पोचले तरी ती हलली नाही. डोळ्यांच्या कडा सुजून चिकटलेल्या, नाका-ओठांवर ओल्या खपल्या, पुढच्या बोटांवर फोड. ती हेझलनट उचलायची, तो निसटायचा, ती परत उचलायची. स्क्विरलपॉक्स. हा विषाणू करड्या खारी अंगावर वागवतात आणि त्यांना सहसा काही होत नाही. तांबडीला लागला की बहुतेक वेळा पंधरा दिवसांत खेळ संपतो. वापरता येईल अशी लस नाही. त्या दिवशी आम्ही सगळ्या पेट्या उतरवून जंतुनाशकाने धुतल्या, कारण एकाच पेटीत तोंड घालून रोग पसरतो. लिव्हरपूलजवळ फॉर्म्बीच्या पाईनच्या रानात 2008 मध्ये ही साथ आली, तेव्हा दहातल्या आठ-नऊ तांबड्या गेल्या. ते मरण कुणी पिंजरा लावून घडवलं नाही, म्हणून ते कुणाच्याच नावावर पडत नाही.

आता निसर्गाने ठरवण्याबद्दल. 1876 मध्ये चेशरच्या हेन्बरी पार्कात ब्रॉकलहर्स्ट नावाच्या धनिकाने उत्तर अमेरिकेतल्या करड्या खारी सोडल्या, मग इतरांनीही आपापल्या बागांत, निव्वळ शोभेसाठी. करडी अंगाने जवळपास दुप्पट, आणि ओकची कच्ची फळंही पचवते. तांबडीला ती नीट पचत नाहीत. 2018 च्या अंदाजानुसार ब्रिटनमध्ये करड्या सुमारे 27 लाख आणि तांबड्या 2 लाख 87 हजार, त्यातल्याही बहुतेक स्कॉटलंडात. हा डाव माणसाने मांडला. (तांबड्यांवरही माणसाची कृपा नव्हती बरं. स्कॉटलंडात 1903 मध्ये त्यांना मारण्यासाठीच एक क्लब निघाला होता, झाडांची साल खातात म्हणून.) आणि परकेपण म्हणाल तर आपल्या अंगणातली पट्टेरी खार 1898 मध्ये ऑस्ट्रेलियात पर्थच्या प्राणिसंग्रहालयातून बाहेर सोडली गेली, आज ती तिथे परकी आहे. यात खारीचा काय दोष? करडीचाही नाही. माझा आक्षेप तिच्या गावाला नाही, तिच्याबरोबर येणाऱ्या रोगाला आहे.

तुमच्या प्रतिक्रियेत मोजणीचा उल्लेखच नाही, आणि माझा सगळा वेळ तर त्यातच जातो. हातभर लांबीची प्लॅस्टिकची नळी, आत वरच्या बाजूला चिकटपट्टी, तळाशी दाणे. खार आत शिरली की पाठीचे चार केस पट्टीला राहतात. नुसत्या रंगावर जाऊन चालत नाही, करडीच्या अंगावरही तांबूस केस असतात. सूक्ष्मदर्शकाखाली तांबडीच्या केसाला लांबीभर पन्हाळीसारखा खोलगटपणा दिसतो, करडीचा केस गोल असतो. हे लवकर कळलं तर एक-दोन करड्यांवर काम भागतं. पाच वर्षांनी कळलं तर शेकडो माराव्या लागतात आणि तोवर तांबड्या उरलेल्या नसतात. वेल्समधल्या अँगलसी बेटावर 1998 मध्ये काम सुरू झालं तेव्हा तांबड्या जेमतेम चाळीस होत्या. हजारो करड्या काढाव्या लागल्या, 2013 मध्ये बेट करडीमुक्त झालं, आज तिथे सुमारे सातशे तांबड्या आहेत. तरी पुलावरून एखादी करडी येतेच, म्हणून तिथली नजर हटत नाही.

मारण्यावाचून भागावं असं मलाही वाटतं. पाईन मार्टेन हा मुंगसाच्या अंगलटीचा शिकारी आयर्लंड-स्कॉटलंडात जिथे परतला तिथे करड्या घटल्या आणि तांबड्या सावरल्या. खाद्यातून गर्भनिरोधक देण्यावरही संशोधन चालू आहे. यातलं काही आमच्या रानापर्यंत पोचलं तर पिंजऱ्यांसाठी फोटो पाठवणं मी त्या दिवशी थांबवेन.

शेकरूचं तुमचं म्हणणं मान्य. भीमाशंकरला शेकरूची गणना करताना घरटी मोजतात, आणि एकच शेकरू अनेक घरटी बांधतं, त्यामुळे घरट्यांवरून आकडा काढणं किती नाजूक काम आहे ते इथे पट्ट्या तपासताना मला जास्त कळलं. तुम्ही कधी त्या गणनेला गेला असाल तर जरूर लिहा. वापरातलं घरटं आणि सोडलेलं घरटं तिथे खालून कसं ओळखतात, हे मला विचारायचंच आहे.